न दुखणारी गाठ

आमच्या घरात लहानपणापासून एक वाक्य ऐकत आम्ही वाढलो. कुणाच्या अंगावर सूज दिसली, गाठ हाताला लागली की मोठी माणसे आधी विचारीत, "दुखतंय का?" नाही म्हटले की लगेच निकाल लागे, "मग काही नाही." या एका वाक्यावर आमच्या घराने तीसेक वर्षे काढली. तेच वाक्य आम्ही आमच्या आत्यालाही सांगितले, आणि त्याची किंमत तिने आपल्या पायाने मोजली. आम्ही तिघे भावंडे, दोघे भाऊ आणि एक बहीण, आज ती हकीकत आमच्या वाचक बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत. कुणाला दोष देण्यासाठी नव्हे. दोष असेल तर तो आमचाच आहे. पण आमच्या चुकीतून दुसऱ्या एखाद्या घराचे आठ महिने वाचले, तरी हे लिहिल्याचे सार्थक होईल.

गोष्ट सुरू होते आमच्या वडिलांपासून. त्यांना आम्ही दादा म्हणत असू. दादा मुंबईच्या दाणाबंदरात हमाल होते. शंभर किलोचे पोते पाठीवर घ्यायचे आणि ट्रकमधून गोदामात, गोदामातून ट्रकमध्ये न्यायचे, हे त्यांचे काम. संध्याकाळी घरी आले की सदरा काढून मोरीत हातपाय धूत आणि उघड्या पाठीने दारात बसत. त्यांच्या पाठीवर, उजव्या फऱ्याच्या वरच्या बाजूस एक गाठ होती. चाळीतली जुनी माणसे तिला आवाळू म्हणत. आम्ही लहान होतो तेव्हा ती सुपारीएवढी होती, आम्ही कळते झालो तेव्हा लिंबाएवढी झाली. दादांची पाठ चेपून देताना आम्ही ती बोटाने ढकलून बघत असू. ओल्या साबणाची वडी निसटावी तशी ती कातडीखाली सटकत असे. दादा हसून म्हणत, "हळू रे पोरांनो, ती माझी पेन्शन आहे."

शेजारपाजारचे लोक उपाय सांगत. कुणी म्हणे चुना आणि गूळ बांधा, कुणी म्हणे बिब्बा लावा. रस्त्यावर बसणाऱ्या एका वैदूने तर डाग देऊन गाठ जिरवतो म्हणून सांगितले होते. शेवटी १९८८ साली आईने हट्ट धरला आणि दादांना पालिकेच्या दवाखान्यात नेले. आम्हीही मागे लागून गेलो. तिथले डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी गाठीवर नुसती नजर टाकली नाही, तर दादांना पाठमोरे बसवून गाठ तीन बोटांनी चाचपली, कडेने दाबून पाहिली, कातडी चिमटीत धरून वर उचलली. मग विचारले, "किती वर्षे झाली? पूर्वी केवढी होती? गेल्या सहा महिन्यांत एकदम वाढली का? वजन घटले का? ताप येतो का?" एवढे सगळे विचारून झाल्यावर ते म्हणाले, "ही चरबीची गाठ आहे. हिला लायपोमा म्हणतात. त्रास नाही तर काढायची गरज नाही. फक्त शेकू नका, टोचू नका, बिब्बा लावू नका."

आईने विचारले, "पोती वाहून झाली असेल का हो डॉक्टर?" ते म्हणाले, "ओझ्याने खांद्याला घट्टे पडतात, कातडी राठ होते. पण ही गाठ ओझ्यानेच झाली असे म्हणता येणार नाही. जन्मात पोते न उचललेल्या कारकुनालाही अशीच गाठ होते." दादांना हे उत्तर फारसे आवडले नाही, कारण ती गाठ म्हणजे आपल्या कष्टाची खूण आहे असे त्यांनी मनात धरले होते. पण काळजी मात्र मिटली.

दादा २०११ साली हृदयविकाराने गेले. शेवटची आंघोळ घालताना ती गाठ आमच्या हाताला लागली. तशीच मऊ, तशीच सटकणारी. त्या गाठीने त्यांचे काहीही बिघडवले नव्हते.

आमची चूक इथेच झाली. डॉक्टरांनी दिलेले उत्तर आम्ही तीस वर्षे लक्षात ठेवले, पण ते उत्तर देण्याआधी त्यांनी विचारलेले प्रश्न मात्र विसरलो. 'आपल्या घराण्यात आवाळू असते, ते दुखत नाही, त्याला काही करायचे नसते' एवढेच आमच्या मनात राहिले.

२०१६ च्या पावसाळ्याच्या तोंडाला आत्या आमच्याकडे आली होती. ही दादांची धाकटी बहीण. नवरा लवकर वारलेला, चार घरची धुणीभांडी करून तिने दोन मुले मोठी केली. जेवणे झाल्यावर तिने आमच्या बहिणीला आत बोलावले आणि डाव्या मांडीवर हात ठेवून म्हणाली, "बघ गं, तुझ्या बापाचं आवाळू मला आलं." बहिणीने लुगड्यावरूनच हात लावून पाहिले. मांडीच्या आतल्या अंगाला काहीतरी टणकसे लागत होते. तिने घरचाच प्रश्न विचारला, "दुखतंय का आत्या?" आत्या म्हणाली, "छे, कधी दुखलं नाही." बहीण म्हणाली, "मग काही नाही. दादांनी नाही का जन्म काढला?" बाहेर येऊन तिने आम्हा भावांना सांगितले. आम्हीही मान डोलावली. थोरला तर म्हणाला, "आपल्या रक्तातच आहे ते."

आत्याचा चेहरा निवळला. आज विचार करताना वाटते, तिला तेच ऐकायचे होते. दवाखान्यात जायचे म्हणजे एक दिवस खाडा, चार घरची बोलणी आणि हातची मजुरी गेलेली. शिवाय आमच्या चाळीत 'टाटा' या शब्दाचाच धाक आहे. परळचे टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, तेव्हापासून लाखो माणसे तिथून उपचार घेऊन घरी आली. तरी कुणाला 'टाटाला नेले' असे कानावर आले की बायका पदर तोंडाला लावतात. न दुखणारी गाठ आणि तिघा शिकलेल्या भाच्यांचा होकार, एवढे मिळाल्यावर तिने तो विषयच सोडून दिला.

आठ महिने गेले. २०१७ च्या फेब्रुवारीत आत्याच्या मुलाचा फोन आला. तिला मांडी घालून बसता येईना, मोरीत बसून भांडी घासताना मांडी ताणल्यासारखी होई. आम्ही गेलो आणि प्रथमच नीट पाहिले. गाठ नारळाच्या वाटीएवढी झाली होती. आमच्या पोटात खड्डा पडला.

दुसऱ्याच दिवशी तिला सरकारी रुग्णालयात नेले. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आत्याला पाय ताठ करायला सांगितले आणि मग गाठ हलवून पाहिली. स्नायू ताठ झाल्यावर गाठ जागची हलत नव्हती. त्यांनी तेच प्रश्न विचारले, जे १९८८ साली दादांना विचारले गेले होते. केव्हापासून? केवढी होती? वाढते आहे का? प्रश्न तेच होते, उत्तरे मात्र वेगळी होती. सोनोग्राफी झाली, एम.आर.आय. झाला, मग जाड सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. अहवाल आला तो चरबीच्याच पेशींच्या कर्करोगाचा. त्याला लायपोसार्कोमा म्हणतात.

पुढचे वर्ष कसे गेले ते सविस्तर लिहीत नाही. पैशाची मोठी धास्ती होती. पण आत्याकडे केशरी रेशनकार्ड होते आणि २०१२ साली सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना त्या वेळी चालू होती. २०१७ पासून तिचेच नाव महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राने कागद करून दिले म्हणून घर गहाण पडले नाही. शस्त्रक्रियेत गाठीबरोबर भोवतालचा काही चांगला स्नायूही काढावा लागला, कारण अशा गाठीच्या कडेला रोगाच्या पेशी राहून चालत नाही. त्यानंतर सहा आठवडे किरणोपचार झाले, ज्याला आपले लोक शेक म्हणतात. पाय वाचला. आत्या आज आमच्यात आहे. पण ती काठी घेऊन चालते, जमिनीवर बसू शकत नाही, आणि तिची चार घरे सुटली ती कायमची.

शस्त्रक्रियेच्या आधी आम्ही डॉक्टरीणबाईंना विचारले होते, "साध्या गाठीचाच कर्करोग झाला का?" त्या म्हणाल्या, "नाही. कातडीखालची साधी चरबीची गाठ सहसा कर्करोगात बदलत नाही. ही पहिल्यापासूनच वेगळी गाठ असावी. हाताला मात्र दोन्ही गाठीच लागतात." मग धाकट्याने धीर करून विचारले, "आठ महिने आधी आलो असतो तर?" त्यांनी क्षणभर आमच्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, "गाठ लहान असती. कापावे कमी लागले असते." त्या यापेक्षा जास्त काही बोलल्या नाहीत. आम्हाला रागावल्या असत्या तर बरे वाटले असते.

आत्याने आम्हाला एका शब्दानेही दुखवले नाही. आम्ही माफी मागितली तेव्हा म्हणाली, "अरे, तुम्ही काय डॉक्टर आहात का?" तिने आमची समजूत घालण्यासाठी म्हटले, पण तेच आम्हाला जास्त लागले. आम्ही डॉक्टर नव्हतो, तरी उत्तर मात्र डॉक्टरांसारखे ठामपणे दिले होते.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू सांगतो. २०२२ साली आमच्या थोरल्या वहिनीला दंडावर गाठ लागली. आत्याचे सगळे तिने डोळ्यांनी पाहिलेले. ती इतकी भ्याली की तीन आठवडे तिने कुणाला सांगितलेच नाही. रात्र रात्र जागायची, जेवण निम्म्यावर आले. मुलीच्या लग्नासाठी जमवलेले सोने तिने ननंदेच्या, म्हणजे आमच्या बहिणीच्या हवाली केले, तेव्हा बहिणीला संशय आला आणि गोष्ट बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी चाचपून पाहिले, सोनोग्राफी करवली आणि सांगितले की दोन सेंटिमीटरची साधी चरबीची गाठ आहे, ठेवली तरी चालेल. पण पोलक्याची बाही नेमकी तिथे काचत होती, म्हणून वहिनीने ती काढून घेतली. तेवढ्या जागेपुरती भूल दिली, अर्ध्या तासात काम झाले, चार टाके पडले. काढलेली गाठ वहिनीला दाखवली. पिवळी, लोण्याच्या गोळ्यासारखी, वर पातळ पापुद्रा. "एवढ्यासाठी मी तीन आठवडे मेले होते!" असे म्हणून ती रडली आणि हसली. गाठ प्रयोगशाळेत पाठवली होती. अहवालही साध्या गाठीचाच आला.

म्हणजे एकाच घरात आम्ही दोन्ही चुका केल्या. एकदा नको तेवढे निर्धास्त राहिलो, एकदा नको तेवढे भ्यालो. दोन्ही वेळा मूळ एकच होते. तपासणाऱ्या हाताच्या आधीच आम्ही गाठीला नाव देऊन मोकळे झालो होतो.

या साऱ्या धावपळीत आम्ही डॉक्टरांना विचारून विचारून जे समजून घेतले, ते वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो. आपल्या कातडीखाली चरबीचा थर असतो आणि त्याखाली स्नायू. त्या थरातल्या काही पेशी एकाच जागी जास्त वाढतात, त्यांच्याभोवती पातळ पिशवी तयार होते, आणि साधी चरबीची गाठ बनते. ती बहुधा पाठ, खांदा, मान, दंड, पोट, मांडी अशा ठिकाणी येते. चाळिशी ते साठीच्या वयात जास्त दिसते. शंभरात सुमारे एका माणसाला ती असते, म्हणजे आपल्या एका मोठ्या चाळीत चार-पाच जणांना सहज सापडेल. मळलेल्या कणकेसारखी मऊ, बोटाखाली सरकणारी, वर्षानुवर्षे हळूहळू वाढणारी आणि बहुधा न दुखणारी, ही तिची लक्षणे. काही घरांत ती पिढ्यान् पिढ्या येते आणि एकाच माणसाला अनेक गाठीही होतात. ती संसर्गाने होत नाही, शिवल्याने दुसऱ्याला लागत नाही. ती फक्त लठ्ठ माणसांनाच होते असे नाही, आणि उपाशी राहून किंवा तेल-तूप सोडून ती जिरतही नाही. क्वचित एखादी चरबीची गाठ दुखते, पण दुखली म्हणजे वाईटच असेही नाही.

मात्र अंगावरची प्रत्येक गाठ चरबीची नसते. कातडीलाच चिकटलेली, मध्यभागी काळा ठिपका असलेली गाठ वेगळी असते. तिच्यातून कधी दुर्गंधी येणारा पांढरा मळ येतो आणि ती पिकतेही. मानेत एकाला एक चिकटलेल्या गाठी असतील, संध्याकाळी बारीक ताप येत असेल आणि वजन घटत असेल, तर ती क्षयाची गंडमाळ असू शकते. तिच्यावर सरकारी औषधे मोफत मिळतात आणि ती बरी होते. जांघेतली गाठ खोकल्यावर फुगत असेल तर तो अंतर्गळ, म्हणजे हर्निया असू शकतो. आणि माता-भगिनींना आमची हात जोडून विनंती आहे की स्तनातल्या किंवा काखेतल्या गाठीला कुणीही घरबसल्या 'चरबीची' म्हणू नये. ती दुखो वा न दुखो, लाज बाजूला ठेवून त्याच आठवड्यात दाखवावी. स्तनाच्या कर्करोगाची गाठ बहुतेक वेळा सुरुवातीला दुखतच नाही.

मग दवाखान्यात धावत कधी जायचे? गाठ पाच सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण मोठ्या लिंबापेक्षा मोठी असेल, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत वाढत असेल, टणक असेल, खोल असेल आणि जागची हलत नसेल, नव्याने दुखू लागली असेल, किंवा एकदा काढल्यावर पुन्हा त्याच जागी आली असेल, तर उशीर करू नये. याचा अर्थ अशी प्रत्येक गाठ कर्करोगाचीच असते असे नव्हे. तशा बऱ्याच गाठी साध्याच निघतात. पण ते तपासणीनंतर म्हणायचे. मोठी किंवा खोल गाठ तपासण्या न करता घाईने कापूनही घेऊ नये, कारण चुकीच्या पद्धतीने कापली तर पुढचा उपचार अवघड होतो. आणि काढलेली गाठ प्रयोगशाळेत पाठवायला सांगावे व तो कागद जपून ठेवावा.

बिब्ब्याने कातडी भाजून फोड येतात, डागाने जखम होते, सुईने टोचले तर पू होतो. चरबीची गाठ यातल्या कशानेही जात नाही, उलट आत काय आहे ते ओळखणे डॉक्टरांना कठीण होते.

खर्चाच्या भीतीने घरी बसणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत. मोठा आजार निघाल्यास रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठून जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. जाताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर ठेवावे. खाडा एक दिवसाचा पडतो. आमच्या आत्याने तो एक दिवस वाचवला आणि सगळे कामच गमावले.

आत्या आता दुपारी चाळीच्या जिन्यापाशी खुर्ची टाकून बसते. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका तिच्याशी मनातले बोलतात. मागच्या उन्हाळ्यात पलीकडच्या खोलीतली एक सून तिला हळूच म्हणाली, "आत्या, पाठीला गाठ आल्यासारखी वाटते, पण दुखत नाही." आत्याने काठी उचलली आणि म्हणाली, "चल, आत्ताच्या आत्ता. मी येते तुझ्याबरोबर." दोघी रिक्षाने गेल्या. साधी चरबीची गाठ निघाली. सून हसत परत आली आणि आत्या तिच्यापेक्षा जास्त हसत होती.

आमच्या घरातले जुने वाक्य आता गेले आहे. आता कुणी गाठ म्हटले की 'दुखतंय का?' असे आम्ही विचारीत नाही. आम्ही विचारतो, "दाखवलंस का?" नाही म्हटले तर आमच्यापैकी एक जण उठून चप्पल पायात घालतो.